चिंधी आडवी झाली की

माझी पिठाची गिरणी आणि लाईट हापीस यांच्यामध्ये फक्त रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर मी जितका भांडलो तितका बायकोशीही कधी भांडलो नसेन. गिरणीवाल्याचं आणि लाईटवाल्याचं वैर पिढीजात असतं. ज्वारी अर्धी दळून झालेली असते, पट्टा रंगात आलेला असतो, आणि एकाएकी सगळं गप्प होतं. बाई रिकामा डबा घेऊन आपल्या तोंडाकडे बघत उभी राहते. करणी लाईटवाल्याची आणि शिव्या गिरणीवाल्याला. म्हणून हापिसात नवा साहेब आला की पहिल्या आठवड्यातच त्याच्याशी कडाकडा भांडून घ्यायचं, म्हणजे पुढची वर्षं सुखात जातात, असा माझा रिवाज होता. वीरभद्रप्पा बदलून आले तेव्हाही मी तयारीत होतो.

आमचं गाव कर्नाटकात, बीदरकडे, हुलसूरच्या बाजूचं. इथे बोलणं मराठीत, अर्ज कन्नडमध्ये आणि भांडण दखनीत चालतं. वीरभद्रप्पांना तिन्ही भाषा सारख्याच मोठ्या आवाजात येत. शाखाधिकारी म्हणजे काही फार मोठा साहेब नव्हे. दोन खोल्यांचं हापीस, दोन-तीन लाईनमन आणि एक खोकणारी मोटारसायकल, एवढाच त्यांचा संसार. पण चालायचे ते जिल्ह्याचे कलेक्टर असल्यासारखे. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना चमेलीचं तेल, आणि उन्हातान्हात काळी छत्री. गंमत म्हणजे, खांबांच्या खात्यात उभी हयात घालवलेला हा माणूस उंचीला भ्यायचा. माझ्या गिरणीच्या माळवदावर चढायचं म्हटलं तरी ते शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून परत फिरत. लाईनमन खांबावर चढला की हे खाली छत्री घेऊन उभे, आणि खालून सूचनांचा भडिमार. एकदा लाईनमन वैतागून वरून म्हणाला, "अप्पा, तुमी गप बसा. नसता मी खाली येतो, तुमी वर या." अप्पा चहा पिऊन येतो म्हणून निघून गेले.

आल्या आल्या त्यांनी पहिलं काम केलं ते असं, की माझ्या बायकोकडून जुन्या लुगड्याची लाल चिंधी मागून नेली. "कशाला पायजे?" तिने विचारलं. "वारं बगायला," म्हणाले. ती चिंधी लांब बांबूला बांधून हापिसाच्या छपरावर उभी केली, म्हणजे लाईनमनने केली, यांनी खालून बोट दाखवलं. गावाला वाटलं, साहेबावर कुणीतरी करणी केली असेल आणि हा त्याचा उतारा आहे.

शिमगा झाला आणि आमच्याकडचं ते कोरडं, तोंड भाजणारं वारं सुटलं. एका दुपारी चिंधी बांबूवरून सरळ आडवी झाली. त्याबरोबर अप्पा हापिसाबाहेर आले, सबस्टेशनला फोन लावला, कोपऱ्यावरच्या खांबाला खालच्या बाजूला लोखंडी दांडा आहे त्याचं कुलूप काढलं आणि दांडा ओढला. माझा पट्टा थांबला. मी पिठाने माखलेला तसाच रस्ता ओलांडून गेलो.

"कामून बंद केलाव लाईट? बिघाड झालाय का?"

"न्हाई. बिघाड व्हायचाय. म्हनून बंद केलो."

"व्हायच्या आधीच?"

"झाल्यावर बंद करून काय फायदा, अण्णा?"

भांडणात असं सरळ उत्तर मिळालं की मी फार चिडतो. मी त्यांच्या खात्याचा, त्यांच्या छत्रीचा आणि चमेलीच्या तेलाचा उद्धार केला. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "चला, तुमाला दावतो." आणि मला मोटारसायकलवर मागे बसवून बन्नीच्या माळावर घेऊन गेले.

बन्नीचा माळ म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचं सरकारी गायरान. दिवाळीला तिथलं गवत कमरेइतकं असतं आणि शिमग्याला वाळून पिवळंधम्म. माथ्यावर एक जुनं बन्नीचं झाड, ज्याला तुम्ही शमी म्हणता ते. उतारावर हटकरांची वस्ती, पाच-सहा झोपड्या आणि मेंढरं. खालच्या बाजूला उसाची शेतं. आणि या सगळ्यावरून जाणारी लाईटची लाईन. खांब दारू प्यायल्यासारखे कललेले, तारा झोक्यासारख्या लोंबलेल्या. वाऱ्याने त्या तारा एकमेकींच्या अंगावर येत होत्या, चाटून परत जात होत्या. तेव्हा त्यांत करंट नव्हता म्हणून बरं.

"करंट आसता तर हितं ठिनगी पडली आसती," अप्पा म्हणाले. "वितळलेल्या तारेचा थेंब. खाली काय हाय बगा."

खाली गवत होतं. गवताच्या कडेला नायलॉनच्या जाळीचं कुंपण, आणि त्या जाळीत कोकरं. मेंढरं चरायला लांब गेलेली, लहान पिल्लं मागे ठेवलेली. ती आमच्याकडे बघून बें बें करत होती.

"मग तार बदला की."

"लिवून लिवून बोटं झिजली, अण्णा. वरून येतंय, पाहनी करून कळवावे. मी पाहनी करून कळवतो. पुना येतंय, पाहनी करून कळवावे." मग छत्री मिटत ते म्हणाले, "वाऱ्याला वळख नसते. ते काय थांबनार हाय का, वरून कागद यीस्तवर?"

हे त्यांचं पेटंट वाक्य. वाऱ्याला वळख नसते. पुढे ते मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हटलं असेल.

वाऱ्याच्या दुपारी लाईट बंद करायचा हुकूम त्यांना कुणीही दिलेला नव्हता. ते स्वतःच्या जिवावर करत. गावाला हे पटायला वेळ लागला. शेताला लाईट मिळायची ती दिवसाचीच, आणि तीच हा बाबा बंद करतो, म्हणून लोक हापिसावर चालून आले. शेवटी तोड निघाली ती अशी, की बंद करण्याआधी बसवण्णाच्या गुडीवरच्या, म्हणजे देवळावरच्या, भोंग्यावरून सांगायचं. भोंगा बॅटरीवर चालायचा. अप्पांना स्वतःच्या आवाजाचं भारी प्रेम, त्यामुळे भोंगा हातात आला आणि ते लहान मुलासारखे खूष झाले. "ऐका हो ऐका, मी वीरभद्रप्पा बोलायलोय. वारं सुटलंय. चिंधी आडवी झालीय. लाईट बंद व्हायलीय. मोटारी बंद करा. घाबरू नका. लाईट बंद हाय, तवर माळाला भ्या न्हाई." हेच पुन्हा कन्नडमध्ये, आणि पुन्हा एकदा मराठीत, कारण स्वतःचं बोलणं त्यांना पुरेसं ऐकू आलेलं नसे. गावाने त्यांचं नाव वाराप्पा ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा रागावतील असं वाटलं होतं, पण ते उलट खूष झाले.

त्यांचा पहिला चेला झाला शिवलिंगअप्पा. माळाच्या पायथ्याला त्याचा ऊस. साधा, देवभोळा माणूस, कुणी काही नीट समजावून सांगितलं की आयुष्यभर तसंच वागणारा. भोंगा वाजला की गावात सगळ्यात आधी याची मोटार बंद. शेजाऱ्याने चालू ठेवली तर बांधावर जाऊन त्याला ओरडायचा, "सायब सांगायलेत ते ऐकू येईना का तुला?" अप्पा कौतुकाने म्हणत, "शिवलिंगावानी धा मानसं आसती तर मला चिंधी लागली नसती."

आता बन्नीच्या झाडाची गोष्ट. ते झाड नेमकं तारेखाली, आणि फांद्या दरवर्षी तारेला भिडायच्या. अप्पांनी कुऱ्हाड घेऊन लाईनमनला पाठवलं, तर वस्तीवरची गंगव्वा झाडाला पाठ लावून उभी राहिली. गंगव्वा म्हणजे वस्तीची कर्ती बाई. नवरा गेलेला, पोरं मेंढरांमागे. काठीसारखी वाळलेली, पण आवाज असा की मेंढरं माळाच्या पलीकडून वळायची. "झाडाला लोखंड लावायचं न्हाई," म्हणाली. "आमच्या सासऱ्याच्या सासऱ्यानं बी लावलं न्हाई." अप्पांनी दोन दोऱ्या बांधून, हलवून, तारा कशा भिडतात ते तिला करून दाखवलं. ती म्हणाली, "समजलं. पर लोखंड लावायचं न्हाई."

अप्पा आठवडाभर रुसले. गिरणीत पोत्यावर येऊन बसत आणि सुस्कारे सोडत. मग दसरा जवळ आला आणि एका सकाळी ते हसतच आले.

आमच्याकडे दसऱ्याला बन्नीची पानं एकमेकांना देतात. "बन्नी घ्या, बंगारासारखं राहू या" म्हणायचं, म्हणजे सोन्यासारखं. आणि दिलेलं बन्नी नाकारायचं नाही. वर्षभराचं वैर असलं तरी हात पुढे करायचा, पानं घ्यायची, कपाळाला लावायची. ती पानं सगळं गाव त्याच झाडाची घेतं, हाताने तोडून. लोखंडाशिवाय.

त्या दसऱ्याला अप्पांनी लाईट बंद केली आणि गावात वावडी उठवून दिली, की तारेच्या बाजूच्या फांद्यांचं बन्नी फार गुणाचं असतं, त्याने घरात बरकत येते. मग काय विचारता! सगळं गाव त्या बाजूला तुटून पडलं. पोरं खांद्यावर चढली, बायांनी डहाळ्याच्या डहाळ्या मोडल्या. संध्याकाळी झाड एका बाजूने भादरलेल्या मेंढरासारखं दिसत होतं, आणि तारेखाली मोकळं आकाश होतं. अप्पा छत्रीला टेकून उभे होते, ओठ मिटून हसू दाबत. गंगव्वा त्यांच्याजवळ आली, पानं त्यांच्या हातात घातली आणि म्हणाली, "सायब, झाडाला फसिवलाव न्हाई, मानसाला फसिवलाव. चालतंय."

त्या दिवशी मीही त्यांना बन्नी दिलं. त्यानंतर आमचं भांडण कधी मनापासून झालं नाही.

आग या एका गोष्टीचं त्यांना इतकं वेड का, ते मी पुष्कळदा विचारलं. दर वेळी वेगळी गोष्ट सांगत. कधी आधीच्या गावात एक गंजी जळालेली असे, कधी गोठा. एकदा मात्र वाऱ्याच्या दुपारी गिरणी बंद असताना ते पोत्यावर बसले होते, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा लहान होता. नोकरीच्या सुरुवातीला, चिंचोळीकडे कुठेतरी, तारा भिडल्या, ठिणगी पडली आणि मेंढपाळांची एक वस्ती जळून गेली. हे पोचले तेव्हा आग पुढे निघून गेली होती.

"कुनी बोंबलत न्हाई, अण्णा. लोकांस्नी वाटतं लई आरडाओरडा आसतो. गवत जळायलं की नुस्ता पाऊस पडल्यावानी आवाज येतो. मला वाटलं, बरं झालं, पाऊस आला."

ते उठले, चिंधीकडे बघून आले आणि पुन्हा बसले.

त्या एका आगीमुळे त्यांच्या डोक्यात आगीला एकच आई होती, ती म्हणजे तार. आग तारेतून येते, तार मेली की आग मेली. बिडीने, चुलीने, काडीने आग लागते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण ते त्यांच्या खात्यात येत नव्हतं.

सुरुवातीला तरी त्यांनी सगळं केलं. वस्तीभोवती बैलगाडीच्या रुंदीचा पट्टा गवत काढून खरवडायला लावला, म्हणजे आग आली तरी तिथे येऊन उपाशी मरेल. रांजण भरून ठेवायला लावले. कोकरांच्या जाळीला एका बाजूला सोडायची गाठ ठेवायला लावली. गंगव्वा कुरकुरत करायची, पण करायची. आणि वर्षामागून वर्षं गेली, माळावर काडीइतकी आग लागली नाही. पलीकडच्या गावांचे माळ जळायचे, रात्री क्षितिजावर लाल रेघ दिसायची, आमचा माळ पिवळाधम्म उभा. लोकांनी दसऱ्याला अप्पांना हार घातला.

मग हळूहळू पट्टा खरवडणं सुटलं. रांजणांत कोंबड्या अंडी घालू लागल्या. मी गंगव्वाला एकदा विचारलं, तर म्हणाली, "कामून खरवडायचं आता? वारं सुटलं की सायब बंद करत्यातच की." हे अप्पांसमोरच म्हणाली. खोटं कशाला बोलू, अप्पांचं तोंड उजळलं. आयुष्यभर ज्या माणसाला वरून फक्त "पाहणी करून कळवावे" आलं, त्याच्यावर कुणीतरी एवढा भरवसा टाकला होता. त्यांनी नुसती छत्री फिरवली. त्यात वावगं कुणालाच दिसलं नाही.

पुढचं लिहायचं तर आहे, म्हणून लिहितो.

त्या वर्षी शिमग्यानंतर वारं फार सुटलं. चिंधी आडवी झाली, भोंगा वाजला, दांडा ओढला गेला, गिरणी थांबली. नेहमीसारखंच सगळं. मी जोत्यावर बसून पेपर वाचत होतो. थोड्या वेळाने मला वाटलं, पावसाची सर आली. मी वर बघितलं. आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

मी अप्पांकडे बघितलं. ते हापिसाच्या दारात उभे होते आणि त्यांनीही तो आवाज ऐकला होता. त्यांचं ते तोंड मी विसरू शकत नाही. ते आधी चिंधीकडे, मग खांबावरच्या दांड्याकडे बघत होते. दांडा खाली होता. लाईट बंद होती. तार मेलेली होती. मग ही आग कुठून आली, हेच त्यांना कळत नव्हतं.

माळाच्या पायथ्यापासून धूर उठत होता. आम्ही धावलो. अख्खं गाव धावलं. वाऱ्याने आग चढावर अशी पळत होती की माणूस तिच्या पुढे जाऊ शकत नव्हता. लोक लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपत होते. वस्तीच्या बोरवर मोटार होती, पाण्याने भरलेली बोर, आणि लाईट नाही. मग सगळे अप्पांवर ओरडायला लागले. "लाईट द्या! मोटार चालू करू द्या! लाईट द्या, सायब!" मीही ओरडलो.

अप्पा मोटारसायकलवरून दांड्याजवळ परत आले, मागोमाग मी आणि बरेच जण. कुलूप त्यांच्या हातात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तारेखाली मानसं हायत, अण्णा. वारं बगा. तार पडली तर?" लोक शिव्या देत होते. कुणीतरी त्यांची छत्री हिसकावून फेकली. शेवटी त्यांनी सबस्टेशनला फोन करून दांडा वर केला. लाईट आली. गावातले पंखे फिरले, माझा पट्टा कुणी नसताना गरगरायला लागला. वस्तीवरून फोन आला, मोटार चालू होत नाही. मोटारीची केबल गवतातून टाकलेली होती, ती आधीच जळून गेली होती.

अप्पांनी दांडा पुन्हा खाली ओढला. दिली तरी काही नाही, नाही दिली तरी काही नाही.

गंगव्वा कोकरांपाशी होती. जाळीची सोडायची गाठ कुणी ठेवलेली नव्हती, कारण ती ठेवणंही सुटलं होतं. तिने दोन्ही हातांनी जाळी फाडायचा प्रयत्न केला. नायलॉन आधी वितळतं, मग जळतं. ती वितळलेली जाळी तिच्या हातांना चिकटली. तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा तिच्या काखेत एक कोकरू होतं, आणि ते मेलेलं होतं. बाकीची आतच होती.

संध्याकाळी माळ काळा झाला होता. बन्नीचं झाड बुंध्यापर्यंत गेलं. वरच्या तारा तशाच लोंबत होत्या, एकही तुटली नव्हती. अप्पा राखेत उभे होते, शर्टाची इस्त्री गेलेली, विभूती घामाने ओघळून भुवयांत आलेली. तेव्हा शिवलिंगअप्पा त्यांच्याजवळ आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोलणं मात्र सरळ होतं, कारण आपलं काही चुकलं असं त्याला खरोखरच वाटत नव्हतं.

"ऊस कारखान्याला गेला व्हता, सायब. पाचट जाळायचं व्हतं. गेले चार दिस मी काडी लावली न्हाई बगा. वाट बगितलो. आज भोंगा वाजला, लाईट गेली, मगच लावलो. तुमीच म्हनायलाव न्हवं, लाईट बंद हाय तवर माळाला भ्या न्हाई?"

अप्पांनी शिवलिंगअप्पाच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि चालत गावाकडे निघाले. त्या रात्री ते हापिसातच झोपले असावेत. सकाळी बघितलं तर दिवा चालू होता.

तालुक्याचे लोक आले, पंचनामा झाला, लाईट खात्याचे वरचे साहेबही आले. इतकी वर्षं लिहून जे आले नव्हते ते आले. आगीचा आणि लाईनीचा काही संबंध नाही असं ठरलं, ते खरंच होतं. मग अप्पांवर ठपका ठेवला तो एवढाच, की वरून हुकूम नसताना लाईट बंद केली. त्यांना बदलून दूर कुठल्यातरी स्टोअरला टाकलं, जिथे तारांची वेटोळी मोजायची. जाताना माझ्याकडे आले नाहीत. छत्री हापिसातच राहिली.

गंगव्वाला बीदरला दवाखान्यात ठेवलं होतं. मी आणि बायको बीदरातच मैलूरला मेव्हण्याकडे उतरून तिला बघायला गेलो. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. ती म्हणाली, "सायबाला सांगा अण्णा, माजा राग न्हाई. लाईट बंद हाय म्हनून मी कोकरापाशी निवांत पडले व्हते."

मी अप्पांना फोन करून ते जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं, बरं वाटेल. पलीकडून फोन बंद झाला. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही.

नवे साहेब आले. चांगला पोरगा आहे, हुकमाशिवाय काही करत नाही. चिंधीच्या बांबूला आता डिशची वायर बांधलेली आहे आणि चिंधीचा एक धागा तेवढा उरलाय. तारा आहेत तशाच. कळवावे म्हणून कागद येतो आणि तो पोरगा कळवतो. वारं सुटलं तरी माझी गिरणी आता थांबत नाही. ग्राहक खूष आहेत. वस्तीवरच्या लोकांनी उरलीसुरली मेंढरं विकली आणि कामाला हैदराबादकडे गेले. गंगव्वा तेवढी राहिली, कारण तिला हात नसल्यासारखेच, तिला कोण कामाला नेणार!

पावसाळ्यात माळ पुन्हा हिरवा झाला. गवताला लाज नसते. दिवाळीच्या आधीच ते गुडघ्याला लागलं.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी बसमधून अप्पा उतरले. मी आधी ओळखलंच नाही. शर्ट चुरगाळलेला, डोक्याला तेल नाही. हातात रुमालाची पुरचुंडी. गिरणीत आले, पोत्यावर बसले नाहीत, उभेच राहिले.

"गिरनी चालू हाय?"

"हाय."

"लाईट जाते का?"

"वाऱ्यापायी न्हाई जात आता."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "वस्तीवर येताव का जरा? मला एकल्याला जाववंना."

आम्ही माळ चढलो. त्यांनी वाटेत एकदाही तारेकडे बघितलं नाही. बन्नीच्या काळ्या बुंध्यापाशी ते थांबले, त्याला हात लावला, आणि पुढे निघाले. गंगव्वा झोपडीच्या दारात बसली होती. तिने त्यांना बघितलं आणि पदर सारखा करायला गेली, पण तो तिला धरता आला नाही.

अप्पा तिच्यासमोर मातीत बसले. पुरचुंडी सोडली. आत बन्नीची पानं होती, कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या झाडाची. भोंग्यावरून तीन-तीनदा बोलणाऱ्या माणसाला "बन्नी घ्या" एवढं म्हणता येईना. मी मनात म्हटलं, हिने घेतलं नाही तर हा माणूस आता इथेच मोडून पडेल.

गंगव्वाने दोन्ही हात पुढे केले. बन्नी नाकारायचं नसतं. पण तिची बोटं एकमेकांना चिकटून आत वळली होती, ती उघडत नव्हती आणि मिटतही नव्हती. अप्पांनी पानं ठेवली, ती निसटून खाली पडली. त्यांनी वेचली, पुन्हा ठेवली. वाऱ्याची एक झुळूक आली आणि पुन्हा पडली.

"ऱ्हाऊ द्या, सायब," ती म्हणाली. "घेतलं म्हना."

अप्पांनी मान हलवली, नाही. पुन्हा सगळी पानं गोळा केली, तिच्या तळव्यांत ठेवली आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी तिचे हात मिटून धरले. मग तसेच बसून राहिले. खाली रस्त्यावर परतीच्या बसचा हॉर्न वाजला.

"अप्पा, बस," मी म्हणालो.

हात सोडले असते तर पानं पडली असती. त्यांनी हात सोडले नाहीत. हॉर्न आणखी एकदा वाजला, आणि बस गेली.